खोलीची किल्ली देताना

ही दोन नंबरची.
दार आधी ओढून धरा, मग किल्ली फिरवा,
पावसात फुगलेली चौकट अजून बसलेली नाही.
गरम पाणी सात ते नऊ.
बाथरूमात वाळू आणू नका, असं मी प्रत्येकाला सांगते
आणि रोज सकाळी वाळू झाडते.

स्कूटर हवी तर नाक्यावर रोहिदासकडे.
काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतील तीच घ्या.
पांढऱ्या पाटीची शंभराने स्वस्त पडते
आणि शिवोलीच्या पुलावर पोलीस दिसला की महाग.
आधीचे ओरखडे फोटोत घ्या, त्याच्या देखत;
माणूस वाईट नाही,
पण जुने ओरखडे त्याला नेमके परत देताना नवे दिसतात.
हेल्मेट डोक्यात. आरशाला नाही.

पहाटे भोंगा वाजेल तो पोदेराचा.
उंडे हवे असतील तर तेव्हाच उठा,
उशीत तोंड घालून हाका मारलेल्या त्याला ऐकू येत नाहीत.

शॅकवर ‘सुरमई ताजी आहे का’ विचारू नका.
शिळी आहे, असं कोण सांगेल?
‘आज काय आलं’ असं विचारा,
आणि भाव ठरवा तव्यावर जायच्या आधी.
बांगडा आला असेल तर बांगडाच खा.
त्याला कमी लेखणारे पाहुणे
बिल भरताना गप्प होतात.

टेंबवाड्याच्या अंगाला वाळूत दोरी बांधलेली दिसेल एखाद्या महिन्यात.
आत कासवीची अंडी असतात.
तिकडे टॉर्च नको, गाणी नकोत.
कुठून कुठून पोहत ती बाळंतपणाला इथे येते,
या मोरजीत तिचं माहेर आहे.
माहेरच्यांनी निदान दिवे तरी मालवावेत.

आता दर्याचं.

लाल झेंडा असेल तर पाय भिजवा आणि परत या.
जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद नको;
तुमच्या तलावातलं पदक त्याने पाहिलेलं नाही,
दर्यानेही नाही.
घेतली असेल तर खुर्चीत बसून पाहा.
खुर्चीतूनही तो तेवढाच मोठा दिसतो.

आणि तिकडे, शापोरा नदी मिळते तिथे
पाणी गुळगुळीत दिसेल, लाटा नाहीत,
मुलांना उतरवावंसं वाटेल.
तिथे नाही.
ओहोटीला नदी आणि दर्या दोघेही बाहेरच ओढतात.
कुठेही ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झटू नका,
किनारा उशाशी ठेवल्यासारखे आडवे जा,
दम राखा, हात वर करा.
हे मला इनासने शिकवलं. रापण ओढायचा तो,
आता नुसता उभा राहतो, हात पाठीमागे बांधून.
त्याने मान हलवली तर मी पाहुण्यांना बाजाराला पाठवते.

मला स्वतःला पोहता येत नाही.
एकोणचाळीस वर्षं इथे नांदते,
घोट्याच्या वर दर्या मी अंगाला लावलेला नाही.

कपाटात खालच्या फळीवर मागच्यांनी विसरलेलं आहे:
चार्जर, छत्री, एकेकट्या चपला, एक लाल बादली.
लागेल ते वापरा.
निळ्या फडक्यातला चष्मा तेवढा राहू द्या.
तो विसरलेला नाही.

हो, आणि किल्ली पाण्यात नेऊ नका,
दुसरी नाही माझ्याकडे.
माझ्या दाराशी पाच खिळे आहेत, जाताना त्यावर अडकवा,
आल्यावर काढून घ्या. मला हाक मारायची गरज नाही.
दिवा लावताना मी खिळ्यांकडे बघते.
पाचही मोकळे दिसले
की भात उतरवते.